उतरायचा दरवाजा मंजूर

हरिदास दुर्गे यांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली, आणि निवृत्तीनंतर ते ज्या गावात राहायला आले त्या मर्कागुड्यात फोनला रेंज नव्हती. राजुऱ्याचे त्यांचे जुने शेजारी हा देवाचा विनोद आहे असं म्हणत. हरिदास देव मानत नसल्यामुळे हा विनोद नेमका कोणाच्या नावावर टाकावा, हे त्यांना कळत नसे. बायकोच्या नावावर टाकता आला असता, कारण गाव तिचं होतं. सत्यशीलाबाई तिथल्या उपकेंद्रात आरोग्यसेविका होत्या. नोकरी संपली तरी त्या गाव सोडायला तयार झाल्या नाहीत, म्हणून हरिदासच राजुऱ्याहून आपली ट्रंक घेऊन आले. पण सत्यशीलाबाईंच्या नावावर काही टाकणं अवघड होतं. त्या इतक्या हळू बोलत, की समोरचा माणूस ऐकण्यासाठी आपोआप पुढे वाकत असे, आणि एकदा वाकला की वाद घालायच्या लायकीचा राहत नसे.

त्या रोज पहाटे मेणबत्ती आणि उदबत्ती लावून त्रिशरण-पंचशील म्हणत. पंचशील ही सकाळी म्हणायची नसून दिवसभर पाळायची गोष्ट आहे, अशी त्यांची समजूत होती. पुढचा सगळा घोळ या समजुतीतून झाला.

मर्कागुडा आणि नदी यांच्यामध्ये एक पहाडी होती, आणि नदीपलीकडे एका संस्थेचा दवाखाना. उन्हाळ्यात मोटरसायकलवर जाता येई. पावसाळ्यात नदीवरचा ठेंगणा रपटा पाण्याखाली गेला की दवाखान्याचा डोंगा हाच रस्ता, पण डोंगा पलीकडच्या काठाला बांधलेला. इकडे माणूस आलाय हे तिकडे कळलं तर तो सुटणार. गेल्या पावसाळ्यात बुधरीला कळा लागल्या तेव्हा तिचा नवरा लालसू आणि भावकी यांनी तिला खाटेवर टाकून काठापर्यंत नेलं. सत्यशीलाबाई आणि हरिदास सोबत होते. काठावर उभं राहून पुरुषांनी हाका मारल्या. पाण्याच्या आवाजात हाका जिरल्या. पलीकडच्या कोणाला काही दिसेपर्यंत बुधरीचं मूल काठावरच गेलं. डोंगा सुटला तेव्हा ती रिकाम्या पोटाने बसून पाण्याकडे बघत होती.

आता बुधरीला पुन्हा दिवस गेले होते, आणि तारीख ऐन पावसाळ्यात येत होती.

दवाखान्याच्या डॉक्टर नंदिनी म्हणाल्या, "आमच्या संस्थेला वायरलेसचे सेट मिळतील. पहाडीवर रिपीटर बसवू. फक्त लायसन तुम्ही आणा. गावाच्या मंडळाच्या नावावर."

"लायसनचं मायावर सोडा," हरिदास म्हणाले. "टेलिफोन खात्यातला माणूस हाय मी."

हे वाक्य ते पुढे अनेक कार्यालयांत बोलले, आणि दर वेळी ते थोडं थोडं बारीक होत गेलं.

गोटुलासमोर, म्हणजे गावाच्या सभाघरापुढे, सभा भरली. हरिदासांनी आयुष्यभर ज्या श्रोत्यांची वाट पाहिली ते आज समोर बसले होते. त्यांनी खडूने फळीवर पहाडी काढली.

"आपला आवाज सरळ जाते, पहाडीले धडकते आन खाली पडते. म्हणून पहाडीच्या डोक्यावर एक पेटी ठेवाची. ते पेटी आपलं बोलणं ऐकते आन त्याच टायमाले पल्याड सांगते. पण तिले दोन फ्रिक्वेन्सी लागते. एक ऐकाची, एक सांगाची. जोडी असते. दोघीच्या मधात अंतर लागते."

"एकीतच भागवा ना भाऊ," लालसू म्हणाला. "दोन काऊन?"

"एकीवरच ऐकलं आन एकीवरच बोललं, तं पेटी स्वतःचंच बोलणं ऐकन, तेच सांगन, परत तेच ऐकन."

"पुढाऱ्यावानी," मागून कोणीतरी म्हणालं.

लोक हसले. लालसूची धाकटी भावजय सोमारी, जी नुकतीच लग्न होऊन आली होती, ती पदर तोंडाशी धरून सगळ्यांत जास्त हसली. हरिदास दुखावले. तांत्रिक विषयाला हसलेलं त्यांना चालत नसे. त्यांनी फळी पुसली आणि बस काढली.

"हे एसटी समजा. मागच्या दरवाज्यातून चढाचं, पुढच्यातून उतराचं. दोन दरवाजे, एक गाडी. आपण बोललो की बोलणं पहाडीवरच्या गाडीत चढते आन पुढच्या दरवाज्यातून दवाखान्यात उतरते. ते बोलले की त्यायचं बी तसंच. दोन्ही दरवाजे दिल्लीहून मंजूर करून आणा लागते."

हे सगळ्यांना पटलं. फक्त एका म्हाताऱ्याने विचारलं, की हवा जर गावाची आहे तर दरवाजे दिल्लीचे कसे. त्याचं उत्तर टेलिफोन खात्यातही कोणाला माहीत नव्हतं.

पहिली परवानगी पहाडीवरच्या पेनाची, म्हणजे गावदेवाची. पुजाऱ्याने देवाला विचारून सांगितलं, की खांब चालेल, पण साजाच्या झाडापेक्षा उंच नको, आणि एक कोंबडी लागेल. सत्यशीलाबाई पुजाऱ्याच्या शेजारी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "दादा, मी जीव नाई घेत. तुमच्या देवाले माया हातानं नारळ चालन काय?" पुजारी पुढे वाकला, ऐकलं, देवाशी पुन्हा बोलला. देव कोंबडीवरून नारळावर आला. अर्ज, चौकशी, तडजोड आणि निकाल एका दुपारात. एवढी लवचीकता नंतर कोणत्याही कार्यालयाने दाखवली नाही.

मंडळ स्थापन झालं. अध्यक्ष कोण, असं विचारताच सगळ्यांनी सत्यशीलाबाईंकडे पाहिलं. हरिदासांना सचिव करण्यात आलं. वायरलेसच्या मंडळात टेलिफोनवाला सचिव आणि सुईवाली अध्यक्ष, हे त्यांनी गिळलं, पण ते घशाखाली उतरायला बरेच दिवस लागले.

अर्ज ऑनलाइन भरायचा होता. त्यासाठी हरिदास लाल बसने गडचिरोलीला गेले. सत्यशीलाबाईंचा भाऊ प्रफुल तिथे झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान चालवी. प्रफुलच्या मते सरकार हे एक कुलूप होतं आणि प्रत्येक कुलपाला बाजूने एक फट असते.

"भाऊजी, बसा. पाच मिन्टाचं काम." त्याने कीबोर्ड बडवला. नाव, गाव, अध्यक्षांचं आधार. मग तो थांबला. "ओटीपी सांगा."

"कायचा?"

"अध्यक्षाच्या मोबाइलवर ओटीपी गेला. ताईले फोन लावा, विचारा."

 जिथे फोन लागत नाही म्हणून लायसन हवं, त्या लायसनचा ओटीपी जिथे फोन लागत नाही तिथे गेला होता. प्रफुलला हे समजावून सांगेपर्यंत ओटीपीची मुदत संपली.

पुढच्या खेपेला सत्यशीलाबाई स्वतः आल्या. त्या दिवशी पौर्णिमा होती, म्हणजे अष्टशील, म्हणजे दुपारनंतर अन्न नाही. आणि सर्व्हर नेमका दुपारनंतर सुरू झाला. हरिदास आणि प्रफुल यांनी समोसे खाल्ले. सत्यशीलाबाई पाणी पिऊन स्टुलावर बसल्या, आणि अर्जात 'प्रयोजन' हा रकाना आला.

"इथी मी लिहितो 'जंगल सफारी रिसॉर्ट'," प्रफुल म्हणाला. "पर्यटन म्हटलं का फाइल पळते."

"आपल्याकडे रिसॉर्ट कुठी हाय?"

"ताई, कोन पाहाले येऊन राह्यलं?"

"मी पाहून राह्यली ना," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "लिही. पावसाळ्यात बाळंतपणाले डोंगा बोलावाले."

प्रफुलने हरिदासांकडे पाहिलं. हरिदासांनी समोशाच्या कागदाकडे पाहिलं. प्रयोजन खरं लिहिलं गेलं, आणि अर्ज पर्यटनाच्या वेगवान रांगेतून बाहेर पडून ज्या रांगेला नाव नाही त्या रांगेत जाऊन उभा राहिला.

मग वनखातं. पहाडी राखीव जंगलात होती. तिथल्या साहेबांनी नमुना पुढे सरकवला.

"तोडायची झाडं किती?"

"एकही नाही, साहेब. मोकळा खडक आहे."

"शून्य चालत नाही. संगणक शून्य घेत नाही. किमान एक लिहा."

"पण तोडायचंच नाही."

"नका तोडू ना. लिहायला काय जातं?"

हरिदासांच्या पेनाचं टोक कागदाला टेकलंच होतं. शेजारून हळू आवाज आला, "झाड तोडाचं नाई आन तोडलं म्हणाचं बी नाई." साहेब ऐकायला पुढे वाकले आणि फसले. अर्ध्या तासाच्या चर्चेनंतर नमुन्याला एक पुरवणी जोडली गेली, की पहाडीवरील झाडांची संख्या कामापूर्वी व कामानंतर सारखीच राहील. या पुरवणीवर निर्णय द्यायचा अधिकार जिल्ह्यात कोणालाच नसल्यामुळे ती नागपूरला गेली, आणि नागपूरची हवा तिला मानवली असावी, कारण ती तिथे बरीच राहिली.

पोलीस चौकशी गावातच झाली. तरुण अधिकारी होता. त्याने चहाचा कप हातात घेतला आणि सत्यशीलाबाईंना विचारलं, की नोकरीच्या काळात जंगलातून कोणी उपचाराला आलं होतं का.

हरिदासांनी बायकोच्या पायाला पाय लावला. त्या पायाने दाद दिली नाही.

"जखम घेऊन जो आला त्याले पट्टी बांधली," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "तुमचे बी लोक आले होते. नाव विचाराचं काम मायं नव्हतं."

अधिकाऱ्याने वही मिटली. चहा तसाच राहिला. फाइलवर 'अधिक चौकशी' असा शेरा पडला आणि हिवाळा त्यात गेला.

अधिकारी गेला त्या दिवशी हरिदास पहिल्यांदा बायकोवर ओरडले. "एकदा! एकदा 'नाई' म्हटलं असतं तं काय बुडत होतं? बुधरीसाठी तरी!"

"बुधरीसाठीच तं खरं बोलून राह्यली," त्या म्हणाल्या. "खोट्यावर घेतलेलं लायसन कोनी कधी बी काढून घेईन. मंग ऐन पाण्यात काय करान?"

हरिदास तो तसाच राहिलेला चहा अंगणात ओतून आले. पुढे घडलं ते पाहता, याचं उत्तर सत्यशीलाबाईंजवळही नव्हतं.

उन्हाळा संपत आला, नागपूरची पुरवणी आणि पोलिसांचा शेरा कसेबसे सुटले, आणि एक दिवस प्रफुलने बस कंडक्टरच्या हाती निरोप पाठवला, मंजुरी आली! डॉक्टर नंदिनींनी सामान रवाना केलं. पहाडीवर साजाच्या झाडाहून हातभर ठेंगणा खांब उभा राहिला, सोलरची पाटी लागली, पेटी बसली. लालसूने खांब खांद्यावर वाहून नेला. बुधरी पोटावर हात ठेवून खालून बघत होती. हरिदासांनी नवा सदरा घातला आणि ते मंजुरीचा कागद आणायला गडचिरोलीला गेले.

कागदावर एकच फ्रिक्वेन्सी होती.

त्यांनी कागद उलटा केला. मागे कोरा होता. पुन्हा सुलटा केला. रिपीटरने पाठवायची फ्रिक्वेन्सी मंजूर. रिपीटरने ऐकायची फ्रिक्वेन्सी विचाराधीन. कारण, तीच फ्रिक्वेन्सी घुग्घुसकडे एका कंपनीला ट्रकांसाठी आधीच दिलेली आहे. तिथले ट्रक हवेतून मर्कागुड्याला कधीच ऐकू आले नसते. कागदावरून मात्र त्यांचा आवाज थेट इथवर पोचत होता.

हरिदास जिल्ह्याच्या संबंधित साहेबांकडे गेले. "साहेब, हे म्हणजे एसटीचा उतरायचा दरवाजा मंजूर, चढायचा विचाराधीन असं झालं."

"उतरायचा तर झाला ना?"

"पण कोणी चढलंच नाही तर उतरणार कोण?"

साहेब खरोखर विचारात पडले. मग म्हणाले, "तुम्ही नकारात्मक बघता. निम्मं काम झालेलं आहे."

"मी टेलिफोन खात्यातला माणूस आहे," हरिदास म्हणाले. या वेळी ते इतक्या हळू म्हणाले की साहेबांना पुढे वाकावं लागलं.

दिल्लीला स्मरणपत्रं गेली. दुसरी एखादी जोडी द्या, असं त्यांत लिहिलं होतं. जोडी बदलायची तर नवा अर्ज, नव्या अर्जाला नवीन चौकशी. गावात हरिदास रोज संध्याकाळी सेट सुरू करून कानाला लावत. मंजूर फ्रिक्वेन्सीवर खरखर येई. पोरं विचारत, "भाऊ, काय म्हणते?" हरिदास म्हणत, "सरकारमान्य खरखर हाय. गप बसा." तरी त्यांनी डॉक्टर नंदिनींकडून वचन घेतलं होतं, की पलीकडचा सेट दिवसरात्र चालू राहील. का, ते हरिदासांनी सांगितलं नाही आणि डॉक्टरांनीही विचारलं नाही.

एकदा ते बायकोला चाचपून बघत म्हणाले, "बटन दाबलं तं पेटी तं बोलतेच. तिले काय माहीत कागदात काय हाय ते."

सत्यशीलाबाई वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या धम्मग्रंथाच्या, वाचनाला बसत होत्या. चष्मा पुसत म्हणाल्या, "दुसरं शील काय हाय? जे दिलं नाई ते घ्याचं नाई. अर्धं दिलं. अर्धं नाई दिलं."

"हवा हाय ते! हवेची काय चोरी होते?"

"मंग तुमी इतके दिवस कागद कायचा मागून राह्यले होते?"

हरिदास बाहेर जाऊन ओसरीत बसले. पाऊस धरला होता.

तीन दिवसांच्या झडीनंतर, ऐन दुपारी, लालसू पळत आला. खाट तयार होती. बुधरीचं मूल आडवं होतं. सत्यशीलाबाईंनी तपासलं, हात धुतले आणि त्या उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा पाहून हरिदासांना गेल्या वर्षीचा काठ आठवला. त्यांनी सेट आणून मध्ये ठेवला.

बुधरी ओरडत नव्हती. ती फक्त सेटकडे बघत होती.

सत्यशीलाबाईंनी सेट उचलला, बटन दाबलं, आणि त्या आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलल्या. "मी सत्यशीला दुर्गे, मर्कागुडा. आमाले या फ्रिक्वेन्सीची परवानगी नाई. बुधरीचं मूल आडवं हाय. डोंगा पाठवा."

बटन सोडलं. खरखर. मग खरखरीतून नंदिनी डॉक्टर म्हणाल्या, "सोडला. निघा."

खाट काठावर पोचली तेव्हा डोंगा अलीकडे लागलेला होता. बुधरीला मुलगी झाली. दोघी जगल्या.

गोष्ट इथे संपली असती तर ती बऱ्या लोकांची गोष्ट झाली असती. त्या रात्री हरिदासांना वर्षभरात पहिली गाढ झोप लागली. आणि सकाळी उठून पाहतात तर सत्यशीलाबाई पत्र लिहून पाकीट चिकटवत होत्या.

"कोनाले?"

"दिल्लीले. न दिलेलं घेतलं ते सांगा लागते. आन लिहिलं, की त्यानं एक जीव वाचला, तं उरलेली अर्धी लवकर द्या. त्यायले कळन ना."

हरिदासांनी पाकीट हिसकावलं नाही, ही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी चूक की सर्वांत मोठं पुण्य, हे त्यांना अजून ठरवता आलेलं नाही. प्रफुलने कपाळावर हात मारला. "ताई, कोनी ऐकलंच नव्हतं! त्या पाण्यात कोन ऐकते?"

ज्या खात्याला अर्धी फ्रिक्वेन्सी द्यायला वर्ष पुरलं नव्हतं, त्याचं उत्तर नदीचं पाणी उतरायच्या आत आलं. नोटीस घेऊन आलेला शिपाई दवाखान्याच्याच डोंग्यातून आला. विनापरवाना प्रक्षेपण, स्वतःच्या लेखी कबुलीसह. सेट, पेटी, बॅटरी जप्त. पंचनाम्याला आलेला हवालदार सामान उचलताना थबकला. "बाई, माया बायकोचं बाळंतपण तुमीच केलं होतं," तो म्हणाला, खाली बघत. सत्यशीलाबाईंनी विचारलं, "पोरगा कितवीत हाय?" त्याने सांगितलं, आणि पेटी उचलली. जबाबात विचारलं होतं, तुम्ही बोललात का. प्रफुलने गडचिरोलीच्या वकिलाचा सल्ला सांगून पाठवला होता, की आठवत नाही म्हणा. सत्यशीलाबाई म्हणाल्या, "बोलली."

मग हिवाळ्यात दुसरी अर्धी मंजूर झाली. बहुतेक पत्राचा मजकूर कोणीतरी वाचला असावा, किंवा घुग्घुसच्या ट्रकांनी फ्रिक्वेन्सी बदलली असावी. आता पूर्ण जोडी होती, शिक्क्यासह. अट एकच, वापर सुरू करण्यापूर्वी यंत्र तपासणीसाठी सादर करावं. यंत्र ठाण्याच्या मालखान्यात मोहरबंद. ठाण्यातले साहेब सभ्यपणे म्हणाले, की लायसन जप्तीनंतरच्या तारखेचं आहे, आधीच्या गुन्ह्याचा मुद्देमाल त्यावर कसा सोडणार? केस संपू द्या. केसची पुढची तारीख पावसाळ्यानंतरची होती.

"पावसाळ्याआधी नाही होणार, साहेब?"

"पावसाळ्याशी काय संबंध?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

नवे सेट द्यायला डॉक्टर नंदिनींची संस्था तयार नव्हती. चौकशी चालू असलेल्या मंडळाला सामान देता येत नाही, असा त्यांचाही एक नियम निघाला. हरिदासांनी लायसन लॅमिनेट करून भिंतीवर लावलं. दोन्ही दरवाजे मंजूर. गाडी ठाण्यात.

पहाटे सत्यशीलाबाई पंचशील म्हणतात तेव्हा दुसऱ्या शीलाशी आता आवाज किंचित थांबतो. एकदा हरिदासांनी न राहवून विचारलं, "अजून मनाले लावून घेतलं काय?"

"न दिलेलं घेतलं तं वापस करा लागते," त्या म्हणाल्या. "मी बोललेलं कसं वापस करू, ते सुचत नाई."

ओसरीत बुधरीची मुलगी रांगत होती. तिने मेणबत्तीकडे हात केला तेव्हा सत्यशीलाबाईंनी तिला उचलून मांडीवर घेतलं.

मृग लागायच्या सुमारास एके दुपारी सोमारी आली. आता ती पदर तोंडाशी धरून हसत नव्हती. पोट पुढे आलं होतं. ती दाराशी टेकली आणि तिने आधी भिंतीवरच्या चकचकीत कागदाकडे, मग सत्यशीलाबाईंकडे पाहिलं. पहाडीवर ढग उतरले होते आणि नुसता खांब दिसत होता.

"बाई," ती म्हणाली, "या पावसात बी तुमी बोलसान ना?"

 ज्या बाईने पोलिसाला, साहेबाला, दिल्लीला विचारताच खरं उत्तर दिलं, ती सूप मांडीवर ओढून तांदूळ निवडायला लागली. सोमारी उत्तर ऐकायला पुढे वाकली, आणि तशीच वाकून राहिली.